जसं गाव म्हणेल

“तुम्ही आमचा पाट पाहिला नाहीत, आमच्या गावात पाय ठेवला नाहीत, आणि तरी लिहिता की वाल्देमुन्याच्या अडाणी लोकांनी दगड नासवला. हे खोटं आहे. तुम्ही खोटं लिहिता आणि त्याच्याखाली शिक्का मारता.”

एवढं लिहून एलादियानं पूर्णविराम दिला तो असा, की पेनाचं टोक कागदातून आरपार जाऊन खालच्या पावात रुतलं. पावाच्या गाडीची मागची फळी उघडी टाकून, गरम पावांच्या टोपलीवर कागद ठेवून ती लिहीत होती. रोज सहा गावांना पाव पोचवणाऱ्या बाईला लिहायला दुसरं टेबल नव्हतं, आणि टेबल असतं तरी तिनं ते पिठानं भरवलं असतं.

“हे कितवं पत्र?” आपल्या पावाची वाट बघत उभ्या असलेल्या आबुंदियोकाकानं विचारलं.

“अठरावं.”

“आणि उत्तरं किती आली?”

“एकसुद्धा नाही. उत्तराच्या जागी गुरुवारी हुकूम आला. वाचलात ना?”

“चष्मा नव्हता,” काका म्हणाला. वय त्र्याऐंशी. नको ते वाचायची वेळ आली की त्याचा चष्मा नेहमीच घरी राहायचा.

राजधानीतल्या पुरातत्त्व कार्यालयाचा तो हुकूम चर्चच्या दाराला चिकटवला होता. कार्यालयं अशीच असतात. प्रश्न आत जातात, बाहेर फक्त हुकूम येतात. हुकूम सांगत होता की पाटाच्या तोंडाशी असलेला रोमन काळातला दगड वेळोवेळी झालेल्या अज्ञानी हस्तक्षेपामुळे विद्रूप झालेला आहे. यापुढे त्याला कोणीही छिन्नी लावल्यास तो तत्काळ राजधानीतल्या गोदामात हलवण्यात येईल. पाहणीसाठी अधिकारी रविवारी येतील.

आणि रविवार आज होता. मे महिन्यातला, गावानं मिळून पाटातला गाळ काढायचा, गावकामाचा रविवार. त्यात या वर्षीचा फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा.

असं वर्ष चार वर्षांनी येतं, आणि त्या वर्षी गावकाम संपल्यावर दगडावरची अक्षरं पुन्हा खोल करायची असतात. पाटाचं पाणी उडून उडून आणि थंडीत बर्फ धरून ती पुसट होतात. काम गावातल्या अकरा घरांत घरागणिक फिरतं. दगडावर फार काही नाही, एकच ओळ आहे. पाणी वरच्या घरांना आठ रात्री, खालच्या घरांना आठ रात्री. एवढ्या ओळीच्या जोरावर वाल्देमुन्यातलं पाण्याचं एकही भांडण कधी कोर्टात गेलं नाही. भांडणं झाली नाहीत असं नाही. पाटावर सुरू झाली आणि पाटावरच संपली.

यंदा पाळी एलादियाच्या घराची होती. मागची पाळी आली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बाप कोरत होता आणि ती तांब्याभर पाणी घेऊन दगडाची भुकटी धूत उभी होती. बापाच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि म्हातारपणी हा असा दिसेल असं तिला वाटलं होतं. पण बाप म्हातारा झालाच नाही. आता ती अठ्ठावन्न वर्षांची. घरात तिच्यामागं कोणी नाही. पुढची पाळी येईल तेव्हा तिला एकशे दोन वर्षं झालेली असतील. म्हणजे आज कोरलं तर कोरलं. पण कोरलं तर दगड जाणार, आणि नाही कोरलं तर गावातल्या घरांच्या माळेत तिच्या घराची जागा रिकामी राहणार. छिन्नी तिनं पहाटेच धार लावून पावाच्या टोपलीत, फडक्याखाली ठेवली होती.

घंटा झाली. घरटी एक माणूस, अकरा घरांची अकरा माणसं फावडी-कुदळी घेऊन पाटावर जमली. गावप्रमुख किंतीन यादी घेऊन उभा होता. भला माणूस, पण शिक्का दिसला की याचे गुडघे वाकतात.

“एलादिया, जरा इकडे ये,” त्यानं तिला बाजूला घेतलं. “यंदा राहू दे गं. चार वर्षांनी बघू.”

“चार वर्षांनी पाळी कोणाच्या घराची?”

किंतीननं यादीत बघितलं. बघायची गरज नव्हती.

“माझ्या,” तो म्हणाला.

“बरं जमतं तुला.”

“अगं, पण दगड नेला तर?”

“आणि अक्षरं बुजली तर? मग काय न्यायचं राहिलं त्यांना? दगड तर नदीत पण आहेत.”

तेवढ्यात खालून गाडीचा आवाज आला, मग चाक जागच्या जागी फिरल्याचा आवाज, मग एका बाईची शिवी. सरकारी गाडी पाटाच्या गाळात पुढच्या दोन्ही चाकांनिशी बसली होती. तिशीची एक बारीकशी बाई दार उघडून खाली उतरली आणि उतरली ती घोट्यापर्यंत गाळातच.

“कार्यालय आलं,” खानावळ चालवणारी ग्रासा म्हणाली. ती मूळची सीमेपलीकडची, पोर्तुगालची. तिच्या जिभेला पहिल्यापासून मिरची लावलेली. “बघा, आल्या आल्या पाया पडलं.”

गाडी बाहेर काढायला सहा माणसं लागली. दुमित्रूनं एकट्यानं पुढची बाजू उचलली असं तो अजून सांगतो. तो रुमानियाहून दोन महिन्यांसाठी मेंढ्यांमागं आला होता, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. बाईनं आपलं नाव हिमेना सांगितलं, आभार मानले, बॅगेतून कागद काढायला लागली. आबुंदियोकाकानं तिच्या हातात फावडं दिलं.

“हे काय?”

“आज पाटावर जो येतो तो कामाला लागतो. तीच रीत आहे.”

“पण मी पाहणीला आले आहे.”

“मग जवळून बघा. गाळ लांबून नीट दिसत नाही.”

एलादियाला वाटलं, आता ही कार्यालयाचं ओळखपत्र काढणार. पण हिमेनानं फावड्याकडे पाहिलं, अकरा माणसांकडे पाहिलं, नुकत्याच बाहेर काढलेल्या आपल्या गाडीकडे पाहिलं, आणि बाह्या वर केल्या. फावडं कसं धरायचं ते तिला येत नव्हतं. पहिला अर्धा तास ती गाळ उचलून जिथून उचलला तिथंच टाकत होती. ग्रासानं तिचे हात धरून तिला दाखवलं. दहाच्या सुमारास तिच्या तळहाताला फोड आला. अकराला तो फुटला आणि तिनं तो कोणाला दाखवला नाही. एलादियानं तो पाहिला, आणि आपण पाहिला याचाच तिला राग आला. जिच्या कार्यालयाला अठरा पत्रं लिहिली तिच्या हाताला फोड असावा, हे तिला गैरसोयीचं होतं.

बारा वाजता सगळे दगडाजवळ बसले. पाव, चीज, धुरावर वाळवलेलं मांस. दारूची चामडी बुधली हातोहात फिरली. हिमेनानं तोंडाऐवजी गळ्यावर धार घेतली आणि सगळे हसले. तीही हसली. मग तिनं हात पुसून बॅगेतून दोन कागद काढले, आणि हसणं बंद झालं.

“तुमच्यावर राग म्हणून कोणी लिहिलेलं नाही हो ते,” ती म्हणाली. “हे बघा. दगडावर मुळात काय होतं, त्याचा आमच्या विद्वानांचा अंदाज हा. ‘आक्वा’, म्हणजे पाणी. पुढं ‘ओक्तो नोक्तेस’, आठ रात्री. शुद्ध लॅटिन.”

“ओप्त नोप्त्स!” दुमित्रू पावाचा घास तोंडात ठेवूनच ओरडला. “अहो, हे तर आमचं! माझी आई असंच म्हणते. ओप्त नोप्त्स!”

“तुझी आई रोमन होती का रे?” किंतीन म्हणाला.

“तुझ्या आईपेक्षा जास्त!”

“आणि हा दुसरा,” हिमेना पुढं म्हणाली, “हजार वर्षांपूर्वी मठातल्या एका साधूनं इथं येऊन दगडावरून उतरवून घेतला. पण तो फार निष्काळजी होता. त्यानं ‘ओइतो नोइतेस’ लिहिलंय.”

“निष्काळजी कसला!” ग्रासानं कागद तिच्या हातातून ओढूनच घेतला. “हा तर माझ्या गावचा माणूस. आम्ही आठ रात्रींना आजही हेच म्हणतो.”

“माझी आजी पण,” आबुंदियोकाका हळूच म्हणाला. “ती वरच्या रानातली. तिच्या तोंडी असंच यायचं काहीसं. शाळेत मास्तरनं हातावर छडी मारून मारून सोडवलं. म्हणाला, ही बिघडलेली भाषा आहे.”

“आणि आता दगडावर आहे आजच्या बोलीतलं ‘ओचो नोचेस’,” हिमेना म्हणाली. “म्हणजे एकदा नाही, दोनदा बिघडला. आता मला सांगा, कोरणाऱ्यांनी निदान खालची जुनी अक्षरं बघून तरी कोरायला नको होतं का?”

काका चघळायचा थांबला. मग काका म्हणाला,

“बघून? बघून कोण कोरतं?”

“म्हणजे?”

“अक्षरं बघून नाही कोरत, बाई. बुजलेलं कुठं दिसतं? आणि दिसलं तरी वाचणार कोण? माझ्या बापापर्यंत गावात कोणाला वाचता येत नव्हतं. कुठल्या आवाजाला कुठलं अक्षर ते पाद्री दाखवायचा, तेवढं लक्षात ठेवायचं. कोरणारा विचारतो, काय कोरू? आणि गाव सांगतं. गाव म्हणेल तसं.”

“सगळं गाव?”

“सगळं नाही. ज्याच्या हाताला त्या दिवशी गाळ लागला तेवढंच. आणि मोठ्यानं म्हणायचं, एकदम. म्हणजे कोणी चोरी करू शकत नाही.” काकानं डोळे मिचकावले. “एकदा खालच्या घरांनी केली होती. माझ्या पणजोबांच्या वेळी. वरची माणसं लग्नाला गेलेली, यांनी नऊ रात्री म्हणून कोरून घेतल्या. चार वर्षं नऊ रात्री पाणी प्यायले. मग वरच्यांची पाळी आली, तेव्हा खालच्यांना इतकी दारू पाजली की तेच सगळ्यांत मोठ्यानं आठ म्हणाले.”

पुन्हा हशा पिकला. हिमेना हसली नाही. ती साधूच्या कागदाकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एलादिया तिच्या समोरच बसली होती, तिला ते नीट दिसलं. बाईनं एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा ग्रासाकडे, एकदा म्हाताऱ्याकडे. मग तिनं कागदाच्या समासात कोणीतरी शिसपेन्सिलीनं लिहिलेल्या एका शब्दावर अंगठा ठेवला. ‘निष्काळजी’ असा तो शब्द होता. अंगठा तिनं बराच वेळ काढला नाही.

“तो बरोबर होता,” ती शेवटी म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली नाही.

“कोण?”

“साधू. त्यानं दगडावर होतं तेच उतरवलं. तेव्हा गाव तसंच म्हणत होतं, म्हणून दगडावर तेच होतं.”

“मग आम्ही मगापासून तेच सांगतोय ना,” ग्रासा म्हणाली. “मठातला माणूस आणि खोटं लिहील?”

एलादिया उठली. पावाच्या टोपलीतलं फडकं तिनं बाजूला केलं, छिन्नी आणि हातोडा काढला, आणि दगडासमोर गुडघे टेकले. किंतीन अर्धवट उठला, परत बसला. पाटाचं दार बंद होतं, पाणी थांबलेलं होतं. वरच्या झाडीत कोकीळ एकसारखा ओरडत होता.

“मी तुम्हाला हो म्हणू शकत नाही,” हिमेना म्हणाली.

“मग नाही म्हणा.”

हिमेनानं दोन्ही कागद घडी करून बॅगेत ठेवले.

“म्हणा ना, बाईसाहेब. एवढ्या लांबून आलात. अठरा पत्रांत मी एवढंच विचारलं, हो की नाही. तुमच्या कार्यालयात एवढी माणसं, एकाला तोंड नाही?”

“मला इथं बसता येईल का?” हिमेनानं विचारलं.

हे उत्तर नव्हतं. पण एलादियानं आयुष्यात ऐकलेल्या सरकारी बोलण्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिला काहीतरी विचारलं होतं. तिनं खांद्यानं आपल्या मागची जागा दाखवली.

“काय कोरू?” ती दगडाकडे तोंड करून म्हणाली. बापाचा आवाज तिला आठवत होता, आपला तसा निघाला नाही. थोडा चिरका निघाला.

“आग्वा!” अकरा तोंडांनी पाणी मागितलं. दुमित्रूचं ‘आपा’ त्यात मिसळून गेलं, आणि गावानं ते चालवून घेतलं. एकोणीस वर्षं चालवून घेत होतं.

छिन्नी दगडाला लागली. दगड मऊ नव्हता आणि कडकही नव्हता. तिनं मळलेल्या हजारो पिठांसारखं आधी त्याच्या मनातलं ओळखायला लागत होतं. पहिल्या अक्षराच्या खाचेत मागच्या कोणाच्या तरी छिन्नीचा तिरका घाव हाताला लागला. काकाचा नव्हता, काका उजव्या हाताचा होता. हा डावरा कोण, कुणास ठाऊक. तिनं आपला घाव त्याच्या अंगावरून नेला. भुकटी भुवयांवर बसली. ती पुसायला तिला हात मोकळा नव्हता आणि मनही नव्हतं. ग्रासा तांब्यानं पाणी ओतत होती आणि ओतता ओतता सांगत होती की सरळ कोर, किंतीनच्या मिशीसारखं नको.

“काय कोरू?”

“ओचो!”

तिला घाई नव्हती. सूर्य पॉप्लरच्या झाडांच्या शेंड्यांवरून सरकला. तीन-चार माणसं झाडाला टेकून पेंगायला लागली. किंतीनला डुलकी लागली आणि शेजारच्यानं त्याला कोपरानं उठवलं. दारू पोटात, ऊन अंगावर, चार तासांचं फावडं हातात, गावाचा आवाज दर शब्दाला बारीक होत चालला होता. एलादियाचं मनगट सुजलं होतं. ओळीचा शेवटचा शब्द तेवढा राहिला होता. रात्री.

“काय कोरू?” तिनं विचारलं.

कोणी म्हणालं नाही. एक जण जांभई देत होता, दुसरा खोकत होता, दुमित्रू मेंढीमागं पळाला होता. गाव म्हणेल तसं कोरायचं, पण गावच म्हणत नसेल तर छिन्नीनं थांबायचं असतं.

“अरे, काय कोरू?”

“नोचेस!”

आवाज एकच होता, स्वच्छ, जरा जास्तच मोठा. मागोमाग दचकून उठल्यासारखी उरलेली माणसं म्हणाली, नोचेस, नोचेस. पण पहिला आवाज एलादियाच्या पाठीशी, अगदी जवळून आला होता. ती वळली नाही. तिनं तो शब्द जसा ऐकला तसा कोरला.

काम संपलं तेव्हा किंतीननं पाटाचं दार वर उचललं. पाणी आलं, दगडावर उडालं, ताज्या अक्षरांतून पांढरं होऊन खाली गेलं. आबुंदियोकाकानं खिशातून चष्मा काढला. सगळ्यांनी पाहिलं की तो दिवसभर खिशातच होता. त्यानं ओळ वाचली, एकदा मान हलवली. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. ग्रासानं रिकामी बुधली पिळून बघितली.

हिमेना गाडीच्या पुढच्या भागावर कागद ठेवून उभी होती. कार्यालयाचा छापील अहवाल. दगड हलवावा, दगड ठेवावा, अशा दोन चौकटी. त्याच्या खाली एक लांब रकाना. लेखाचं नुकसान करणाऱ्या व्यक्तीचं संपूर्ण नाव. तिच्या हातात पेन होतं, तळव्यावर फोडाची उघडी कातडी होती, नखांत गाळ होता. रकाना रिकामा होता.

एलादिया छिन्नी फडक्यात गुंडाळत तिच्याजवळ आली. भुवयांवर भुकटी तशीच. कागदावर वाकून तिनं तो रकाना वाचला, सावकाश, बोट ठेवून.

“एकाच नावाची जागा आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“आम्ही बारा जण होतो.” तिनं बोट रकान्यावरून काढलं नाही. “पाणी सगळ्यांनी म्हटलं, आठ सगळ्यांनी म्हटलं. शेवटचं रात्री मात्र आधी एकीनंच म्हटलं, आणि मी ते तसंच कोरलं. तर बाईसाहेब, मला अठरा वेळा उत्तर मिळालं नाही, आता एकदा द्या. तुमचं आडनाव काय?”